आज सावड कुणाकडे

शेवंता मावशी, आज सावड कुणाकडे, हे भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस. मी म्हणत होते, तू माझ्याकडे यायचंस. तू म्हणत होतीस, मी तुझ्याकडे यायचं. आवाज चढला, तसं तू "ऱ्हाऊ दे, उद्या बगू, दूध उतू चाललंया" म्हणून फोन ठेवलास. त्याच रात्री झोपेत गेलीस. पालीतल्या बायका म्हणतात, भाग्याची गेली, कुणाला त्रास दिला नाही. मला दिलास. माझं म्हणणं पुरतं ऐकून तरी जायचंस.

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आता जरा निवांत बोलते. तेव्हा चार माणसांत सांगायची सोय नव्हती. एक भाची, चांगली पस्तिशीची, भोरला नोकरी करणारी. एक मावशी, साठी ओलांडलेली, राजगडाच्या पायथ्याला, पालीत, ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी रांधून घालणारी. आणि दोघींचं भांडण कशावरून, तर गेममध्ये आज कुणाच्या बांधकामावर कुणी जायचं. ऐकणारा म्हणाला असता, रडायचं सोडून ही काय बोलतेय. म्हणून गप्प बसले. आता बसत नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुला आमच्याकडे भोरला आणलं, तिथून हे सुरू झालं. पालीच्या घराला पायऱ्या, संडास परसात, म्हणून चालायला लागेपर्यंत तू माझ्याकडे राहायचं ठरलं. आई गेल्यापासून त्या घरात मी एकटीच होते. तुझ्या नितीननं पुण्याहून टॅब पाठवला होता, आईला कीर्तनं बघायला. एक-दोन कीर्तनं बघितलीस आणि म्हणालीस, "ह्यो बुवा माज्यापरीस जास्त कटाळलाय." आणि टॅब उशाशी ठेवून दिलास.

माझी त्या वेळची गत तुला ठाऊक आहे, पण तुला मी ती नीट कधी सांगितली नाही. दिवसभर इंजिनिअरच्या ऑफिसात मी लोकांच्या घरांचे नकाशे काढते. पार्किंग वाढवा, बाल्कनी आत घ्या, जिना इकडून तिकडे न्या. घरी आलं की आपल्या मनासारखं काहीतरी बांधावं म्हणून तो ठोकळ्यांचा गेम उघडायचे. त्यात मैदान हवं तेवढं, दगड, लाकूड, कौलं, सगळं हवं तेवढं. हौसेनं मोठं जोतं घालायचे, दोन भिंती वर न्यायचे, आणि मग हात थांबायचा. कशासाठी बांधायचं, कुणासाठी बांधायचं. मग दुसऱ्यांनी बांधलेले राजवाडे व्हिडिओत बघायचे आणि स्वतःचं जोतं बघून मोबाईल पालथा घालायचे. पुन्हा नवं मैदान, पुन्हा नवं जोतं. माझ्या मोबाईलमध्ये नुसत्या जोत्यांचं गाव वसलं होतं.

तू पलंगावर पाय लांब करून हे बघत होतीस. एक दिवस विचारलंस, "काय करतीयास गं?"

"बांधतेय."

"कुठं बांदतीयास? मगापासनं नुस्ती बगत बसलीयास."

"सुचत नाही, मावशी."

"दगुड इकत आनायचा हाय का?"

मी म्हटलं, इथं सगळं फुकट आहे. तू जरा वेळ माझ्या मोबाईलकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मंग म्हनूनच सुचंना. तुज्याकडं कोन यायचं न्हाई, कोन इचारायचं न्हाई. जेवाया कोन आलंच नसतं तर म्या तरी एवड्या भाकरी कशाला थापल्या असत्या?"

मला राग आला होता. इतकी सोपी गोष्ट असती तर मला कळली नसती का, असं वाटलं. तू मात्र टॅब पुढं केलास आणि जागा मागितलीस. "मला बी दे थोडी." तुझ्या टॅबवर एक जग उघडून दिलं, मी माझ्या मोबाईलवरून त्यात आले. पहिल्या दिवशी तू दगड ठेवण्याऐवजी माझी भिंत पाडलीस. दुसऱ्या दिवशी गोठा बांधलास, वाकडा. मी विचारलं, जनावरं कुठं आहेत, तर म्हणालीस, "आदी गोठा, मंग जनावार. तुमच्या इंजिनेरला येवडं बी कळत न्हाई का?" माझ्या इंजिनिअरला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं, पण तुला ती सवयच होती.

आणि मग तू सावड काढलीस. "उद्या तू माज्याकडं ये, परवा म्या तुज्याकडं. नुस्तं आपापलं करत बसलो तर दोगींचं बी हुयाचं न्हाई."

माहेरी हिर्डोशीत तुम्ही दोघी बहिणी सावडीतच वाढलात, आणि मीही लहानपणी तेच बघितलं. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात भात लावायचा, उद्या दुसऱ्याच्या. पैशाचं नाव नाही. ज्याच्याकडे आपण गेलो, त्यानं आपल्याकडे यायचं, एवढंच. शहरातल्या लोकांना यातलं येणं-जाणं कळतं, पण त्यातली खरी मेख कळत नाही. ज्याच्याकडे सावड असते त्याची तारांबळ आदल्या दिवशीच सुरू होते. खाचर चिखलून ठेवायचं, रोपं उपटून मुठी बांधून ठेवायच्या, पोटापाण्याचं बघायचं. माणसं आली आणि काम तयार नाही म्हणून बांधावर हात बांधून उभी राहिली, तर त्यासारखी लाज नाही. आमची आई एरवी सुस्तावलेली असायची, पण सावड आपल्याकडे म्हटली की आदल्या दिवशी तिच्या अंगात वारं शिरायचं. कुणी येणार आहे म्हणून तिचं काम व्हायचं.

माझंही तसंच झालं. ऑफिसात बसल्या बसल्या मनात चालायचं की मावशी उद्या येणार, तिला खिडक्या जमत नाहीत, भिंत मात्र तटासारखी घालते, तेव्हा उद्यासाठी भिंत आखून ठेवायला हवी. भिंत आखायची तर आतल्या खोल्या ठरायला हव्यात. खोल्या ठरवायच्या तर तिथं कोण येणार-जाणार ते ठरायला हवं. बघता बघता माझं पहिलं जोतं पूर्ण घर झालं. इतकी वर्षं मी हुरूप येण्याची वाट बघत बसले होते. तू येणार म्हणून काम काढून ठेवायला लागले आणि हुरूप आपसूक मागून आला.

जेवणावरूनही आपलं वाजलं होतं. तुझ्याकडे सावड असली की तू गेममधल्या लाकडी पेटीत माझ्यासाठी भाकऱ्या ठेवायचीस. त्या खरं तर पाव होते, पण तू त्यांना भाकऱ्याच म्हणायचीस. मी सांगितलं, या गेममध्ये आपण असं ठेवलंय की भूकच लागत नाही. "तुला लागत न्हाई. आल्यालं मानूस उपाशी काम करतंय का?" मग मीही ठेवायला लागले. एकदा विसरले तर तू काम अर्ध्यावर टाकून तुझ्या गोठ्यात जाऊन बसलीस. मी चांगली हसले होते तुला.

गुडघा बरा झाला, तू पालीला परत गेलीस, आणि मला वाटलं की संपलं. पण दुसऱ्याच आठवड्यात ऊन उतरल्यावर तुझा फोन आला, "उगाडलंय म्या. ये." जग तुझ्या टॅबमध्ये होतं. तू उघडलंस तरच मला भोरवरून आत येता यायचं. घरात रेंज नाही, म्हणून तू पडवीच्या टोकाला उखळाशेजारी पाट टाकून बसायचीस. शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांची गर्दी, तेव्हा सुट्टी. एरवी सकाळची भांडी उरकली, दुपारची झोप झाली, की तू हजर.

मी हिर्डोशीचं एसटी स्टँड बांधायला घेतलं होतं. आपल्या हिर्डोशीला गाडीची किती वाट बघावी लागते, आणि गाडी चुकली तर किती चालावं लागतं, ते तुला काय सांगू. तर तिथं एक असा स्टँड करायचा की ज्याला छत आहे, बसायला बाक आहेत आणि फलाटांची रांग आहे. तू बघून म्हणालीस, "गाडी येती येक, अन् फलाट येवडे?" मी म्हटलं, गाड्या वाढतील. "वाडूं दे की. पर बसनार कोन ते सांग आदी." तो तुझा ठरलेला प्रश्न. मी काहीही बांधायला घेतलं की, राहणार कोण, चढणार कोण, बसणार कोण. मला आधी तो कटकटीचा वाटायचा. मग मी ठरवायला लागले. या बाकावर नाचणीचं पोतं घेऊन भोरच्या बाजाराला निघालेली बाई बसेल. या खांबाला टेकून माहेरी आलेली मुलगी उभी राहील. तेव्हापासून मला कधी बाक कुठं ठेवायचा म्हणून अडलं नाही.

आणि ते बांधाचं प्रकरण. तू डोंगरउतारावर भाताची खाचरं केलीस, वरून पाणी सोडलंस आणि खालचा बांध घालायचा विसरून चहा टाकायला गेलीस. खालच्या अंगाला माझा स्टँड. सगळे फलाट पाण्यात. मी फोन केला तर म्हणालीस, "पानी खालीच जानार. तू खाली कशाला बांदलंस?" मी म्हटलं, स्टँड आधीचा आहे, तुझी खाचरं काल आली. तर तू म्हणालीस, "मंग मोजनी आन सरकारी." मी बांध घालायला गेले तर ओरडलीस, "माज्या बांदाला हात लावू नगंस, सांगून ठिवते."

हे सगळं पडवीत बसून, मोठ्या आवाजात. तात्या गोठ्याजवळ होते. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की बायको भाचीशी बांधावरून भांडतेय. बिचाऱ्यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांचा मला फोन, अगदी हळू आवाजात. "वैशाली, हिर्डोशीच्या रानाचं काय आसंल ते बसून मिटवू. तुज्या आईचा वाटा हाय, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर मावशीशी बोलनं सोडू नगंस." मी त्यांना खरं काय ते सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काचंतला बांद?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून तात्यांचा त्या टॅबवर जो राग बसला तो बसलाच. आल्यागेल्याला सांगायचे, "म्हातारी काचंवर दगुड रचतीया." तू त्यांना टॅब दाखवायला जायचीस आणि ते पाठ फिरवून बैलाकडे जायचे. तुझं मन खट्टू व्हायचं. तू बोलायची नाहीस, पण त्या दिवशी तुझ्या भिंती वाकड्या यायच्या.

आता तुझ्या स्वयंपाकघराकडे येते, कारण भांडण तिथंच अडकलंय.

उभ्यानं स्वयंपाक करायचं घर. गुडघे खराब झाले ते जन्मभर चुलीपुढे बसून, असं डॉक्टर म्हणाले, आणि तू गेममध्ये कमरेइतक्या उंच चुली मांडल्यास, एका रांगेत. तिथं कुणाला गुडघे नाहीत हे मी सांगितलं नाही. एवढी अक्कल मला होती. चुलींच्या समोर भली रुंद खिडकी ठेवलीस आणि खिडकीसमोर दूरवर दगड रचून एक डोंगर उभा केलास. मी म्हटलं, हा बटाटा कशाला ठेवलास. तू चिडलीस. "राजगड हाय त्यो." मग सांगितलंस, की लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझ्या चुलीचं तोंड भिंतीकडे. कुठून कुठून लोक गड बघायला येतात, तुझ्या पडवीत जेवतात, गड किती छान दिसतो म्हणतात, आणि तू भाकऱ्या थापता थापता काजळी बघतेस. हे सांगताना तुझ्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र तो बटाटा त्यानंतर तसा दिसला नाही, आणि हे मी तुला बोलून दाखवलं नाही. आता सांगते. फार चांगला गड होता तो.

आपलं बिनसलं ते छपरावरून. तुला छपरात भोक हवं होतं, धूर जायला. मी म्हटलं, या चुलींचा धूर कोंडत नाही, भोक ठेवलं तर काम अर्धवट दिसतं. तू म्हणालीस, "दिसूं दे. धूर कुनीकडनं जाईल?" मी नकाशे काढणारी, मला ते भोक सहन होईना. हे छप्परच तेवढं राहिलं होतं. आणि छप्पर झालं की शेवटचा दगड. तो आपल्या घरातला नेम, की सावडीच्या माणसांनी सगळं खाचर लावायचं, पण शेवटची मूठ घरधनिणीनं लावायची. गेममध्येही तू तो पाळलास. माझ्या घराचा शेवटचा दगड ठेवायला तू मला बोलवायचीस आणि स्वतः बाजूला उभी राहायचीस.

मग तो मंगळवार. तू म्हणालीस, छप्पर घालायला ये, सावड माझ्याकडे आहे. मी म्हटलं, मागच्या वेळी मीच आले होते, आता तू स्टँडवर ये. बाकी तुला माहीत आहे.

तू गेल्यावर काही दिवस मी गेम उघडला नाही. उघडून तरी काय, जग तुझ्या टॅबमध्ये आणि टॅब कपाटात. दुसरं मैदान घ्यावं म्हणून एकदा बसले. जोतं घातलं आणि हात थांबला, अगदी पूर्वीसारखा. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, गेमच तर आहे. मी मनात म्हटलं, हिला काय ठाऊक. ऑफिस सुटल्यावर घरी जायला मला कारण होतं ते तुझ्यामुळे. कुणीतरी म्हणायचं, "उगाडलंय म्या. ये." आई गेल्यावर मला असं कुणी बोलावलं नव्हतं. हे तुझ्या तोंडावर एकदा तरी म्हणायला हवं होतं. तू म्हणाली असतीस, "बास झालं, भिंत बग तिकडं."

दहाव्याला नितीन म्हणाला होता, टॅब नुसता पडून आहे, पुढच्या रविवारी आलो की घेऊन जातो, साफ करून मुलीला अभ्यासाला देतो. त्याचं चुकलं नाही. त्याला कुठं ठाऊक, की साफ करायचं म्हणजे तुझं स्वयंपाकघर, माझा स्टँड, ती खाचरं आणि तो गड, सगळं एका बोटानं जाणार. त्याला सांगावं असं वाटलं आणि लाजही वाटली. मग ठरवलं, की आधी जाऊन छप्पर तर घालू. सावड कुणाकडे का असेना, तुझं काम उघड्यावर ठेवायचं नाही. पुढचं पुढं.

शुक्रवारी रजा टाकली. एसटीनं नसरापूर, तिथून रिक्षा, पुढं चालत. पडवीतली 'जेवणाची सोय' लिहिलेली पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ट्रेकला आलेली दोन मुलं विचारत होती, आणि तात्या सांगत होते, "जेवान बंद हाय. पानी घ्या." मला बघून उठले. किती वाळलेत, मावशी.

मी टॅब मागितला. तात्यांनी कपाटातून काढून दिला. तू तो तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवला होतास. चार्जिंगला लावला, मग पडवीच्या टोकाला उखळाशेजारी आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, "तात्या, हा तुम्ही धरा. जग यातलंच आहे. तुम्ही उघडलं तर मला माझ्या मोबाईलवरून आत येता येईल."

"मला न्हाई जमायचं."

"काही करायचं नाही. नुसता धरून बसा."

त्यांनी धरला. आणि जग उघडलं ते तू जिथं उभी होतीस तिथंच. चुलीपुढे, खिडकीसमोर. टॅब तात्यांच्या हातात, म्हणजे ते तुझ्या जागेवरून बघत होते. मी माझ्या मोबाईलवर आत आले आणि आधी पेटी उघडली.

पेटीत भाकऱ्या होत्या.

शेजारी छपराची कौलं ओळीनं मांडून ठेवली होतीस, आढ्यासाठी लाकूड वेगळं. सगळं आखलेलं, काढून ठेवलेलं. तिकडे माझ्या स्टँडवर जाऊन बघितलं, तर रिकामी पेटी आणि एका कामाची तयारी नाही. जिच्याकडे तयारी, तिच्याकडे सावड. भांडण मिटलं. तू जिंकलीस, मावशी. मी पदरानं डोळे पुसले आणि कामाला लागले.

दुपारभर छप्पर घातलं. तात्या टॅब धरून बसले होते, हात अवघडला तरी खाली ठेवला नाही. मधूनच विचारायचे, "ह्ये काय?" मी सांगायचे. गोठा. खाचरं. "त्योच का बांद?" त्योच. जरा हसले असं मला वाटलं. ऊन उतरायच्या सुमारास छप्पर पुरं झालं, एक जागा सोडून. ती मी मुद्दाम ठेवली होती. म्हटलं, "तात्या, शेवटचा दगड घरच्यानं ठेवायचा. मावशीचा नेम. इथं बोट लावा, म्हणजे बसेल."

त्यांनी बोट पुढं केलं आणि थांबले. छपराकडे बघितलं, खाली चुलींची रांग बघितली.

"धूर कुनीकडनं जाईल?"

मी मोबाईल खाली ठेवला.

"ऱ्हाऊं दे ती जागा," म्हणाले. मग खिडकीतून बाहेर बघत बसले. "अन् ह्यो राजगड हाय व्हय?"

"हो."

"बालेकिल्ला बुटका केलाय तिनं. हितनं लई उंच दिसतोय त्यो. तितं जाता येतं का?"

कसं जायचं ते मी दाखवलं. जाताना ते खाचरात पडले, बाहेर निघाले, वाट चुकले, पण टॅब माझ्या हातात दिला नाही. गडावर पोचले आणि बोटानं चाचपत चाचपत वर एक दगड ठेवला. मग परत खिडकीत येऊन तुझ्या जागेवर उभे राहिले आणि तिथून बघितलं. "आता बरूबर," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. सगळं आयुष्य हा माणूस त्याच गडाखाली राहिला आणि तुझ्या चुलीपुढून तो दिसत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. तू टॅब घेऊन मागं लागायचीस ते हेच दाखवायला, हो ना.

मी टॅब आवरायला हात पुढं केला. म्हटलं, नितीन रविवारी येणार आहे, तो घेऊन जाईल.

तात्यांनी तो लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि मांडीवर ठेवला. "न्हाई. त्याला सांगतो म्या, पोरीला दुसरा घे. ह्यो हितंच ऱ्हाईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू दिसभर आमच्याकडं राबलीस. सावड फेडाया पायजे. तुज्याकडं काय काम हाय?"

मी म्हटलं, सध्या काही नाही.

"नसाया काय झालं. त्यो फलाट दिसला की मगाशी, उगडाच हाय. उद्या-परवा ट्रेकवाले येत्यात, त्यास्नी पानी द्याया लागंल. सोमवारी ऊन उतरलं की उगाडतो म्या. काम काडून ठेव."

जाताना मी पाण्याचे तांबे भरून ठेवले, आणि ती पाटी उचलून सरळ केली. पिठलं-भाकरी मला तुझ्यासारखी जमणार नाही, तात्यांनाही नाही, पण पाटीचं तोंड भिंतीकडे नको. तात्या बघत होते, नको म्हणाले नाहीत.

शेवटच्या गाडीनं भोरला आले. गाडीतच डोक्यात सुरू झालं. तात्यांना भिंत जमणार नाही, कौलं तर नाहीच. त्यांना एकावर एक दगड ठेवता येतो, गडावर ठेवलाच त्यांनी. म्हणजे त्यांच्यासाठी खांब हवेत. फलाटांच्या पुढं खांबांची रांग धरायची, मग त्यावर छप्पर मी घालीन. सध्या नुसतं कागदावर आखलंय, कारण ते उघडतील तेव्हाच मला आत जाता येईल. आणि एक फलाट वाढवलाय, पालीच्या गाडीचा. बसणार कोण म्हणून विचारू नकोस. कमरेइतका उंच बाक आहे, गुडघे वाकवायला लागत नाहीत.

सोमवारी आत गेल्या गेल्या आधी पेटीत भाकऱ्या ठेवीन. तात्या यायचेत.